भिंतीतल्या दाराची अट

श्री गुरुबसवलिंगाय नमः।

मी, प्रभुलिंग सिद्धाप्पा हत्तरगी, वय वर्षे ७२, पूर्वीचा धंदा सूत रंगवण्याचा, हल्ली काही नाही, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, माझ्या माघारी काय व्हावे ते आज माझ्या हाताने लिहून ठेवतो. कुणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर आहे. खात्रीसाठी वकीलसाहेबांना सकाळी इयत्ता चौथीची एक लांब कविता सबंध म्हणून दाखवली. "पुरे, पटलं" असे तेच म्हणाले. मला अजून दोन म्हणायच्या होत्या.

शरीराबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. यंदा उन्हाळ्यात लघवीतून रक्त गेले. जन्मभर सूत रंगवलेल्या माणसाला रंग कळतो. पहिल्या दिवशी फिका गुलाबी होता, आठवड्यात डाळिंबी झाला. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीने गाठ खरवडून काढली. तेव्हा कमरेखाली बधिर केले होते, त्यामुळे मी जागा होतो, आणि डॉक्टरांनी टीव्हीवर माझे आतले मला दाखवले. गुलाबी पाण्यावर बारीक तांबड्या रेघा हलत होत्या. उन्हे उतरताना रंकाळा दिसतो तसे. काठाशी गाठ होती, पाण्यातल्या शेवाळासारखी डोलणारी. बाहत्तर वर्षे मी हा रंकाळा पोटात घेऊन हिंडलो आणि आज पहिल्यांदा बघितला, या विचाराने मला भीती वाटायची राहूनच गेली.

कलम १. शुक्रवार पेठेतील माझ्या हिश्श्याचे घर माझी पत्नी सौ. शांतव्वा हिला तहहयात. तिच्यामागे मुलगा चि. मल्लेश आणि मुलगी सौ. विद्याश्री (पेठ वडगाव) यांना निम्मे निम्मे. एक अट आहे, ती कलम ४ मध्ये.

कलम २. बँकेतील ठेवी शांतव्वाच्या. तिने त्या नातवंडांवर उधळू नयेत. उधळणारच, म्हणून आधी लिहिले.

कलम ३. रंगाचे तांब्याचे मोठे घंगाळ विद्याश्रीला. ते मोडीत घालू नये. त्याचा इतिहास तिला ठाऊक नाही, तो असा.

गाठ काढल्यावर डॉक्टरांनी मूत्राशयात नळीने औषध भरायचे ठरवले. आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा. औषध म्हणजे लहान मुलांच्या दंडावर टोचतात तीच बीसीजी, जिवंत जंतूंची. मी विचारले, कसले जंतू? ते म्हणाले, "क्षयाच्या जंतूचा चुलत भाऊ म्हणा. गाईच्या क्षयाचा. माणसांनी वर्षानुवर्षं वाढवून माणसाळवलाय." माझी अव्वा, म्हणजे आई, क्षयाने गेली होती. ज्या कुळाने तिला नेले त्याच कुळातला एक माझ्या पोटात राखणीला बसणार होता. याला काय म्हणावे, हे मला कुठल्याच इयत्तेत शिकवले नव्हते.

औषध भरून नळी काढत आणि घरी पाठवत. मग दोन तास थेंब सांडायचा नाही. पाव-पाव तासाने कूस बदलायची, उताणे, पालथे, डावे, उजवे, म्हणजे औषध सगळीकडे लागते. सूतही असेच सारखे उलटत राहावे लागते, नाही तर डाग पडतात, त्यामुळे ते मला लगेच पटले. त्यानंतरची आग मात्र कुणी सांगून कळण्यातली नाही. लघवीतून काच उतरल्यासारखे व्हायचे, दर दहा मिनिटांनी. संध्याकाळी हुडहुडी, ताप, सांधे धरलेले. मिरचीचा खर्डा सुटला, चहा सुटला, जवाचे पाणी आले. डॉक्टरांनी आगीवर गोळी दिली, तिने लघवी केशरी झाली. अशी केशरी छटा मला कधी सुतावर साधली नव्हती. शांतव्वाला हाक मारून दाखवली तर म्हणाली, "तुमाला रोग झालाय का रंगपंचमी?" ती घंगाळात कोमट पाणी भरायची आणि मी त्यात कमरेपर्यंत बसायचो. ज्या घंगाळात इतके सूत बुडवले त्यात शेवटी मी बुडालो आणि बरे वाटले.

कलम ४. आता दार.

मधली भिंत कशी आली ते मुलांना नीट माहीत नाही. माझे वडील बंधू भरमाप्पा, मी त्यांना आण्णा म्हणतो, आणि मी यांची वाटणी मठात झाली, स्वामींच्या समोर, विभूती लावून. भांडी, दुकान, घंगाळ, विहिरीचे पाणी, सगळ्याचा नावानिशी उल्लेख झाला. संडासाचे नाव मात्र स्वामींपुढे कुणाच्या तोंडातून निघेना. पंचही लाजले, आम्हीही लाजलो. दोरी धरून रेघ मारली आणि घरचा एकुलता संडास आण्णाच्या हिश्श्यात गेला. घरी आल्यावर दोघांच्या लक्षात आले. मी म्हणालो सामाईक, तो म्हणाला रेघ म्हणजे रेघ. त्याने भिंत घातली. विटा माझ्या होत्या, हे इथे नोंदवून ठेवतो. मी परसाच्या टोकाला दुसरा बांधला. बोलणे बंद झाले, ते पोरांची लग्ने होऊन गेली तरी बंदच.

औषध घेऊन आलो की मी त्या भिंतीला लागून असलेल्या कॉटवर पडायचो. दोन तास कसे काढायचे? म्हणून शाळेतल्या कविता म्हणायचो. उताणे असताना इयत्ता दुसरीची, पालथे झालो की तिसरी, डाव्या कुशीला चौथी, उजव्या कुशीला पाचवी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. शांतव्वा घड्याळ बघून सांगायची, "आता वळा. पाचवी."

या कविता मला शाळेमुळे पाठ नाहीत. अव्वाला क्षय झाल्यावर तिला माडीवरच्या खोलीत ठेवून मोठ्यांनी दार लावून घेतले. आम्हा पोरांना आत मज्जाव. मग आण्णा आणि मी उंबऱ्याबाहेर बसून तिला कविता म्हणून दाखवायचो. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. आवडली की ती आतून बांगडीने दार वाजवायची, म्हणजे पुन्हा म्हणा. पुढे बांगडी वाजायची थांबली. आम्ही तरी बराच वेळ म्हणत होतो.

तिसऱ्या डोसाच्या दिवशी मी डाव्या कुशीवर होतो. पोटात इंगळ पेटले होते. कविता म्हणता म्हणता अडकलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "तिसरं कडवं खाल्लंस."

शांतव्वाच्या हातातले घड्याळ तसेच राहिले.

"लहानपणापास्नं खातोस," भिंत म्हणाली. "म्हण आता. नदीचं कडवं."

मी नदीचे कडवे म्हटले. पलीकडून तो माझ्याबरोबर म्हणत होता. आग होत होती ती होतच होती, पण ती कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरात होते आहे असे वाटले.

त्याच दिवशी दोन तास संपल्यावर परसात पळालो. पोहोचलो नाही. हौदाजवळच धोतर भिजले आणि मी खाली बसलो. आण्णा त्याच्या गॅलरीत उभा होता, त्याने पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर घाव पडू लागले. शांतव्वा ओरडली, "अहो, भिंत पडाय लागली की." पलीकडून गुंडू गवंडी छिन्नी चालवत होता. विटा निघाल्या आणि भगदाडात आण्णा दिसला, भुवयांपर्यंत चुन्याने पांढरा.

"बघतोस काय," तो म्हणाला. "हितनं चार पावलांवर संडास हाय."

मी म्हणालो, "आण्णा, औषधात क्षयाचे जंतू असतात. जिवंत. तुझ्या घरात पोरंबाळं आहेत."

"म्हाईत हाय. ब्लिचिंग पावडर आणून ठेवलीया. तू गेल्यावर मी वतत जाईन."

"अव्वाला झालं होतं तेच कूळ आहे ते."

त्याने हातातली वीट खाली ठेवली आणि म्हणाला, "त्या टायमाला मोठ्यांनी दार लावलं हुतं, परभू. आता घरात मोठा मीच हाय."

उरलेले डोस मी त्या दारातून जाऊन-येऊन पार पाडले. आग कमी झाली नाही, अंतर कमी झाले. मला वाटते, दुखण्यातला मोठा भाग अंतराचाच असतो.

आता मल्लेश म्हणतो, "आप्पा, दोन हिश्शांत दार राहिलं तर उद्या घर विकताना भाव पडतो, कोर्टकचेऱ्या होतात. बरं वाटलं की बुजवून टाकू." तो पुण्यात नोकरीला आहे, त्याचा हिशेब बरोबर असेल. तरी माझी अट अशी: हे दार कुणी बुजवू नये, त्याला कडी लावू नये. बुजवणाऱ्याचा घरातला हिस्सा दुसऱ्या भावंडाकडे जाईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण आहे. स्वच्छ निघाले तर आणखी तीन डोस सांगितले आहेत, ते मी घेणार. नाही निघाले तरी माझ्यामागे या दोन घरांत कुणी तरी आजारी पडणारच आहे.

वकीलसाहेबांनी यात खोट काढली. भिंत सामाईक, त्यामुळे एकट्याच्या अटीने दार टिकत नाही, आण्णाची संमती हवी. शिवाय साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. माझ्या मनात आण्णाला कवितांची जुनी क्रमिक पुस्तके द्यायची होती. त्याला निरोप पाठवला, पुस्तके घेतोस की साक्ष घालतोस? दारातूनच उत्तर आले, "पुस्तकं घिऊन काय करू? पाठ हाईत. पेन आण."

कलम ५. सबब ती पुस्तके नातीला, चि. सौंदर्याला.

कलम ६. मला आपल्या रिवाजाप्रमाणे बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून मातीत द्यावे. घरातून नेताना परसातून नेऊ नये. भिंतीतल्या दारातून, आण्णाच्या सोप्यातून न्यावे. दार अरुंद आहे, सांभाळून.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, कुणी न सांगता सही करतो.

ठिकाण: कोल्हापूर
तारीख: १८ सप्टेंबर २००३

(सही) प्रभुलिंग सिद्धाप्पा हत्तरगी

वरील सही आमच्यासमोर झाली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) ॲड. ऋषभ तात्यासो मगदूम

साक्षीदार २: (सही) भरमाप्पा सिद्धाप्पा हत्तरगी. सगळं वाचलं. विटा त्याच्याच हुत्या, खरं हाय. दार माझ्याकडनंबी उघडं ऱ्हाईल, माझ्या माघारीबी. बांगडी वाजायची थांबल्यावर मी म्हणायचा थांबलोतो, हा एकटाच म्हणत हुता. तेवढं त्यानं चुकीचं लिवलंय.