मेंढवाड्यात मी एकटाच शिरलो, त्याची हकीकत

कमलनगर,
२४ सप्टेंबर २००६

चि. सौ. श्रीदेवीस हरिबाकाकाचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? जावईबापूंना नमस्कार सांग. तुझ्या बालवाडीतली पोरं खुशाल असोत, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही घरी माझ्यासारखा आजोबा नसो. इकडं तब्येती ठीक आहेत. तोंड दाखवायची सोय मात्र राहिलेली नाही.

तू तुळजासाठी खेळ पाठवलास त्याला दोन महिने झाले. "खेळ झकास चाललाय, पोरगी बोलायलीय" असं कार्ड मी लगेच टाकलं होतं. ते खोटं होतं. तेव्हा खोका कपाटावर होता आणि तुळजा नेहमीसारखी उंबऱ्यात बसून गल्लीतल्या पोरांकडं नुसती बघत होती. (सुनीलकुमार आणि सूनबाई पुण्याला बांधकामावर गेल्यापासून दोन वर्षं ती आमच्याजवळच आहे. पाच संपली तरी 'दे', 'नको', 'पाणी' एवढ्यावरच तिचं भागतं.) खोका वर ठेवला तो तुझ्या चिठ्ठीमुळं. तू लिहिलंस की सगळ्यांनी मिळून चार मेंढ्या लांडगा यायच्या आत मेंढवाड्यात न्यायच्या, कुणाचाही फासा कुणाच्याही मेंढीला चालतो, फाशाची काळी बाजू पडली की लांडगा एक उडी पुढं येतो, चारी पोचल्या तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले. यातून लेकरं पाळीची वाट बघायला, मोजायला, एकमेकांशी बोलायला शिकतात. मी तुझ्या काकूला, पद्माबाईला, म्हणालो, आपल्या पुतणीला दुकानदारानं फसवलंय. एकतीस वर्षं मी शाळेत ड्रिल मास्तर होतो, आळंदच्या कबड्डी संघाला लागोपाठ सात वर्षं धूळ चारली. हरणारा कुणी वेगळा नाही तो खेळ कसला? ते भजन झालं.

शेवटी तुझ्या काकूनं पिच्छा पुरवला म्हणून खोका उतरवला, पण नियम माझे लावले. ज्याची त्याची मेंढी वेगळी, पहिला येईल त्याला बिस्किटाचा पुडा. तुळजा, शेजारच्या बसम्माची नात महादेवी आणि गल्लीतली दोन पोरं खेळायला बसली. पाच मिनिटांत एकानं दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला, तुळजा खाटेखाली गेली, आणि महादेवीनं आपण हरतोय असं दिसताच सगळ्यांत पुढची मेंढी उचलून गिळली. चार वर्षांची पोरगी! (मनातल्या मनात मला तिचं कौतुक वाटलं, तेही कबूल करतो.) बसम्मा धावत आली. "अय्यय्यो मास्तर, लेकराला लाकूड चारलाव की!" डॉक्टरांनी केळी खायला घाला म्हणून सांगितलं. मेंढी तिसऱ्या दिवशी आली. तोवर अख्खी गल्ली येता-जाता मला विचारायली, "मास्तर, मेंढरू आलं का?"

मग पद्माबाईनं खेळ ताब्यात घेतला. मला म्हणाली, "तुम्ही खेळायचं. शिकवायचं न्हाई." ती, तुळजा, महादेवी आणि मी अशी चौघं रोज दुपारी बसायला लागलो. तुळजा आधी फासा तेवढा टाकायची, मग बोटानं घरं दाखवायला लागली, मग स्वतःची पाळी महादेवीच्या मेंढीला द्यायला लागली. तरी तोंडातून शब्द नाही.

गेल्या सोमवारी दोन मेंढ्या आत गेल्या होत्या. माझ्या मेंढीला एकच घर राहिलं होतं, ती पुढच्या कुठल्याही आकड्यावर आत गेली असती. तुळजाच्या कोकराला नेमकी चार घरं हवी होती, आणि लांडगा एका उडीवर. मी फासा टाकला. चार पडले. काय करायचं ते चार वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. मी माझी मेंढी आत घातली, उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "जिंकलो!" (वय वर्षं त्रेसष्ट.) पुढच्याच फाशावर काळी बाजू पडली आणि लांडग्यानं कोकरू नेलं.

तुळजानं पटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकटेच आत गेलाव. माझं कोकरू भाईर ऱ्हायलं की."

श्रीदेवी, दोन वर्षांत आमच्या कानावर पडलेलं तिचं हे पहिलं सबंध वाक्य. पद्माबाई पदरानं डोळे पुसायला लागली. मला आनंदानं रडावं की कुठं तोंड लपवावं तेच कळेना. परसात हौदामागं जाऊन बसलो. थोड्या वेळानं पोरगी आली, माझं बोट धरून ओढायला लागली. "चला. तुम्हाला येईना तर मी सांगते."

आता ती माझ्या शेजारी बसते. मी फाशाला हात घातला की म्हणते, "थांबा, आज्जीची पाळी हाय." काल आम्ही चौघंही हरलो. तिनंच माझी समजूत काढली.

लाजेनं अर्धा झालेला,
तुझा हरिबाकाका

ता. क. : ती मेंढी तीनदा गरम पाण्यानं धुतली आहे. तरी बसम्मा तिला हात लावत नाही.

ता. क. दुसरा : खरं सांगायचं ते इथं लिहितो. सुनीलकुमार रविवारी तुझ्याकडं जेवायला येतो असं कळलं. लेकीला भेटायला तो सहा महिन्यांत आला नाही. फोन करतो तो आईला, मी घेतला तर ठेवून देतो. काम हे नुसतं निमित्त आहे. चौदा वर्षांचा असताना तो कबड्डीचा सामना हरला म्हणून मी त्याला मैदानावर सगळ्यांदेखत उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो पुढं कधी खेळला नाही, आणि मी त्यावर कधी बोललो नाही. त्याला म्हणावं, दिवाळीला ये, आईला बरं नाही.

ता. क. तिसरा : पद्माबाईनं पत्र वाचलं. ती ठणठणीत आहे आणि म्हणते, माझं नाव पुढं करू नका. तेव्हा वरचं शेवटचं वाक्य खोडलं असं समज. त्याला सांग, बापानं बोलावलंय.