न पाहिलेलं टोक

प्रिय चिमे,

पाकीट पाहून तुझ्या आईने विचारलं, फोन बिघडलाय का? फोन ठणठणीत आहे, मलाच बोलायला तोंड नाही. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, त्यामुळे लॅबमध्ये माझ्या नजरेचं कौतुक जरा जास्तच चाललंय. आई हसते, म्हणते, घरात यांना समोरचा चष्मा सापडत नाही. मीही हसतो आणि मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखा होतो.

पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या त्या शाळेतल्या बाई तू विसरली नसशील. तीन वर्षांपूर्वी, तू आपल्या लॅबमध्ये होतीस तेव्हाची गोष्ट. रक्त तू काढलं होतंस. मशीनने प्लेटलेट अडतीस हजार दाखवल्या, दीड लाखाच्या वर हव्यात तिथे. अशा वेळी काचेवर रक्त पसरून केलेली स्लाइड भिंगाखाली कशी बघायची, हे मीच तुझ्याकडून घोकून घेतलं होतं. आधी स्लाइडच्या पातळ टोकाला जायचं, तिथे प्लेटलेटचे पुंजके अडकलेत का पाहायचं, मगच मधले दहा फील्ड, म्हणजे भिंगात एका वेळी दिसणारे दहा गोल, मोजून सरासरीला पंधरा हजारांनी गुणायचं. पुंजके असले तर प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात आणि ते गणित कवडीमोलाचं. त्या दिवशी मी टोकाला गेलोच नाही. गर्दी नव्हती, कुणी मागे लागलं नव्हतं. चहा निवत होता, एवढंच. मधल्या फील्डमध्ये दोन-तीन दिसत होत्या, मशीनशी आकडा जुळला आणि मी सही ठोकली.

ऑपरेशन रद्द झालं. बाईंच्या हाडात सुई घालून मज्जा तपासली. दहा दिवस त्या घरादारासकट मरणाच्या भीतीत होत्या. मग दुसऱ्या औषधाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, तर प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार! नेहमीच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं औषध त्यांच्या रक्ताला मानवत नव्हतं, त्यानेच पुंजके होत होते. लॅबच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, हे झालं कसं? मी म्हणालो, रक्त घेणाऱ्याने ट्यूब नीट हलवली नसेल. तू माझ्याकडे पाहिलंस. बाबा म्हणताहेत म्हणजे खरंच असेल, असं तुझ्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मला अजून जेवू देत नाही.

त्याच दुपारी मी स्लाइड काढून बघितली. टोकाला पुंजकेच पुंजके. ती मी माझ्या खणात लपवली. तू नोकरी सोडलीस, विम्याच्या कचेरीत फोन घ्यायला लागलीस. वर मी लोकांना सांगायचो, पोरीला या कामाची आवड नव्हती. तीन वर्षं, चिमे! लाज वाटते गं.

परवा तुझ्या धाकट्या बहिणीला ताप आला. आई म्हणाली, ताईला बोलाव, तीच रक्त घेईल, तिच्या हातून दुखत नाही. तू फोनवर म्हणालीस, नको, माझ्याकडून चूक होईल. मी तिथेच उभा होतो आणि तेव्हाही गप्प बसलो.

आज सकाळी ती स्लाइड मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवली. सगळं सांगितलं, लेखीही दिलं. दुपारी त्या बाईंची माफी मागायला जाणार आहे. डॉक्टरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि मला एकच विचारलं, मुलीला सांगितलंत का? मला नाही म्हणावं लागलं.

तुझाच,
बाबा