तळ्याच्या वाटेवरची फांदी

४ सप्टेंबर १९४१, औंढा

लालसिंगदादा,

१. सोमवारी सकाळी तळ्यावरच्या तांड्यातून निरोप आला, की तुमच्या पत्नीला, शकुंतलाबाईंना, कळा सुरू झाल्या. मी एकटीच निघाले.
२. धबधब्याजवळ पायवाटेवर बाभळीची फांदी आडवी होती. रोगराईत तांडा अशीच वाट बंद करतो, म्हणून मी परतले.
३. दुपारी त्या गेल्या. मुलगी जगली.

फांदी गुरं घसरू नयेत म्हणून टाकली होती, हे मला नंतर तांड्यावर कळलं. तुमची आई म्हणाली, "बाई, एक हाक तरी मारायची व्हती. आमी आलो असतो की धावत."

दवाखान्याच्या वहीत मी 'वाट बंद' असं लिहिलंय. खरं हे, की मी फार दमले होते आणि फांदी पाहून मला बरं वाटलं. हे लिहिलेली आधीची दोन पत्रं माझ्याच पेटीत आहेत.

मुलीला देवी टोचायला मी आलेलं तुम्हाला चालेल का, ते पुढच्या शनिवारपर्यंत कळवा.

कुमुदिनी, नर्स