मनोरा सोडून बाकी सगळं

रविवार, ९ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार, आणि उजव्या गालाला एक चिमटा. इकडे मी ठीक, खोली ठीक, तू दिलेलं रोपही खिडकीत तग धरून आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

तू नक्की येतेस हे वाचलं आणि मी मशीनवरून उठून आमच्या प्रमुख बाईंना मिठीच मारली. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्यांना ओरडता आलं नाही.

पत्रासोबत तू ते रंगीत माहितीपत्रक पाठवलंस, मनोऱ्यावर, राजवाड्यावर आणि संग्रहालयावर खुणा करून. ते मी नीट घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलंय. रागावू नकोस. मनोऱ्याला एवढी रांग असते की वर पोचेपर्यंत आपण काय बघायला आलो तेच माणूस विसरतो. राजवाड्यात दोरीच्या अलीकडे उभं राहून खुर्च्या बघायच्या. खुर्च्या तुझ्या घरीही आहेत, आणि त्यांवर बसता येतं. तेव्हा तू येशील त्या शनिवार-रविवारचा बेत माझा. सहलींचे बेत हे तुझ्या दादाचं खातं होतं, मला कबूल आहे. पण ते आता माझ्याकडे आलंय.

तर ऐक. शुक्रवारी संध्याकाळी गाडीतून उतरलीस की स्टेशनच्या पुढच्या दाराने बाहेर पडू नकोस, तिथे टॅक्सीवाले अंगावर येतात. मागच्या दाराने ये. मी सामान तोलायच्या काट्यापाशी उभी असेन. तिथून एक गल्ली सुरू होते, तिच्यात नवं काहीच विकत मिळत नाही, सगळी दुरुस्तीची दुकानं. सुटकेसची चाकं, व्हायोलिनच्या तारा, बाहुल्यांचे डोळे. टोकाला छत्रीवाला आहे. तुझी ती उघडताना कण्हणारी छत्री घेऊन ये. तो शुक्रवारी लवकर बंद करतो, पण पूलवाल्यांनी त्याला थांबायला सांगून ठेवलंय. पूलवाले म्हणजे इथल्या नदीवरचा पूल उचलतात ते. त्यांचं पुढे येईल.

शनिवारी सकाळी कपडे धुवायला जायचं. हो, पाहुणी असलीस तरी. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत भिंतीला लागून बाक आहेत आणि कपडे वाळवायच्या यंत्रांची ऊब असते. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे रोज जाऊन बसायचे, धुवायला काही नसलं तरी. एकदा कालचाच टॉवेल पुन्हा घेऊन गेले तेव्हा लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, “अहो, नुसतं बसायला आलात तरी चालतं. त्या टॉवेलचा जीव घेऊ नका.” त्या दिवसापासून तो कोपरा माझा. हे तेव्हा तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू पुढच्या गाडीने येऊन मला परत नेलं असतंस, आणि मी मुकाट आले असते.

वन्सं, मला इथे तू पाठवलंस. तुझा दादा गेल्यावर मी दिवसभर पडद्याकडे बघत पडून असायचे. तेव्हा इथल्या थिएटरच्या जाहिरातीचं कात्रण तू आणलंस, अर्ज तू लिहिलास, बॅग तू भरलीस. लोक म्हणाले, भावजयीला असं घराबाहेर काढतात का कोणी? तू म्हणालीस, “तिच्या हातात कात्री आहे तोवर तिला काही होत नाही. हात रिकामे राहिले तर होईल.” गाडी सुटताना तू हातसुद्धा हलवला नाहीस, पाठ फिरवून उभी राहिलीस. रडत होतीस. माझा जन्म कपडे शिवण्यात गेलाय, मला पाठीवरून कळतं. आभार मानले की तू विचारतेस, ताप आलाय का? तर ताप नाही, आणि मी तुझे आभार मानते.

दुपारी माझी कामाची जागा दाखवीन. प्रेक्षक बसतात ती नव्हे, मागचा कपडेपट. छतापर्यंत दांड्या आणि त्यांवर लटकलेले राजे, शिपाई, नर्सबाई आणि एक अस्वल. आमच्याकडे कुठलाच कपडा टाकून देत नाहीत. शिवतानाच शिवणीत भरपूर माया ठेवायची, म्हणजे जास्तीचं कापड, कारण आज हडकुळ्या नटाने घातलेला कोट उद्या एखाद्या जाड्याच्या अंगात बसवायचा असतो. घालणाऱ्याच्या नावाची पट्टी गळ्याच्या आतल्या बाजूला टाचतात. पुढे कोट दुसऱ्याकडे गेला की त्याच्या नावाची पट्टी पहिलीच्या खाली लावायची. जुनी उसवायची नाही, हा इथला नियम. सुरुवातीला मी न कळून एक उसवली होती, तर प्रमुख बाईंनी ती केरातून शोधून काढून माझ्याच हातांनी परत लावून घेतली. एका काळ्या कोटात तर पट्ट्यांची शिडी झालीये. तो तुला दाखवायचाच आहे. त्यावरून आठवलं, दादाचा कोट अजून तुझ्या कपाटात आहे ना? विचारलं आपलं सहज.

संध्याकाळी पूल.

मोठी बोट आली की हा पूल मधोमध उघडून वर उठतो. कामावर रुजू झाले त्याच महिन्यात, कपड्यांनी भरलेली गाडी ढकलत मी तिथे अडकले. तालमीला उशीर होत होता. मी केबिनकडे बघून खालूनच ओरडले की तुम्हाला काही काळवेळ आहे की नाही? वरून भोंग्यातून उत्तर आलं, “बाई, बोट थांबवता येत नाही. तुम्हाला बसायला स्टूल देऊ का?” अख्खा रस्ता हसला. मी तोंड फिरवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कठड्यापाशी खरंच एक स्टूल होतं.

केबिनमध्ये कोणाला सोडत नाहीत, पण पूलवाल्यांनी साहेबांकडून तुझ्यापुरती परवानगी मागून घेतलीये. तुझ्या दुकानातल्या डोळे तपासायच्या खोलीएवढी जागा, सगळीकडून काचा, दांडे, फोन आणि चहाची किटली. पूल उचलण्याआधी ते घंटा वाजवतात, दोन्हीकडे मान वळवून बघतात, मग पुन्हा बघतात. मी विचारलं, दोनदा कशाला? म्हणाले, “पहिल्यांदा बघतो ते नियम आहे म्हणून. दुसऱ्यांदा, एखादी म्हातारी धावत येत असेल तर.” मग रस्ता उठून उभा राहतो आणि गाड्या, सायकली, घाईतली माणसं सगळी गप्प होऊन बोट बघत राहतात. हे तुला बघायला मिळावं असं मला केव्हाचं वाटतंय. तिथे तीन स्टुलं आहेत. एक लंगडत होतं, ते त्यांनी परवाच नीट केलं.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर चहा. तिथून राजवाड्याची मागची बाजू दिसते आणि पहारेकऱ्यांचे पायजमे वाळत घातलेले असतात. हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

इथवर वाचून तू चष्मा कपाळावर सरकवला असशील. दिवसभर लोकांची नजर तपासणाऱ्या बाईपासून मी काय लपवणार? पूलवाल्यांनी मला लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही. म्हटलं, आधी माझी वन्सं येऊन जाऊ दे. ते म्हणाले, “जन्मभर लोकांना थांबवत आलोय, आता मी थांबतो.”

मला ते आवडतात. घे, लिहून टाकलं. ते दादाबद्दल विचारतात, आणि तो बेसूर शिट्ट्या कशा मारायचा हे सांगताना मला हसू येतं. पूर्वी नुसतं त्याचं नाव निघालं तरी मी खोलीतून उठून जायचे.

भीती वाटते ती वेगळीच. तू मला मिळालीस ती दादामुळे. आता मी दुसऱ्या घरची झाले तर मी तुझी कोण? भावाची बायको म्हणून तू मला जपलंस, आणि मीच ते नातं आपल्या हाताने सोडायला निघालेय असं वाटून झोप लागत नाही. तुझ्या मनात नसेल तर तसं लिही. मी त्यांना नाही म्हणेन, आणि तुझ्यावर राग धरणार नाही. तुला गमावणं मला झेपायचं नाही.

आणि मनोऱ्याचं. रांगेचं सांगितलं ते खरं आहे, पण तेवढंच कारण नाही. इतकी वर्षं इथे राहून मी त्यावर एकदाही चढलेले नाही. दादाने आपल्या तिघांसाठी याच शहराचा बेत केला होता, आठवतं? आधी मनोरा, मग राजवाडा, मग संग्रहालय, जेवण कुठे तेसुद्धा ठरलेलं. त्याच आठवड्यात त्याच्या तपासण्यांचे निकाल आले आणि बेत राहून गेला. त्याच्याशिवाय वर जायला मन होत नाही. म्हणून मनोरा सोडून बाकी सगळं दाखवीन.

उत्तर लवकर दे. बरंवाईट जे असेल ते.

तुझी (अजून तरी) वहिनी


शनिवार, १५ मार्च

वहिनी,

नमस्कार, चिमटा वगैरे पोचलं.

पत्र दुकानातच उघडलं, हीच चूक झाली. समोरच्या गिऱ्हाइकाला काच बदलून बदलून विचारत होते, आता स्पष्ट दिसतंय का, आणि मलाच काही दिसेना. ते आजोबा म्हणाले, “बाई, आधी तुम्ही बसा या खुर्चीत.”

रडले ते दादासाठी. खोटं कशाला बोलू? थोडा वेळ रडले, मग आजोबांना चष्मा दिला आणि दुकान लवकर बंद केलं.

पूलवाल्यांचं मला केव्हाचं ठाऊक आहे. गेल्या वर्षभरातल्या तुझ्या पत्रांत तो पूल इतक्यांदा वर गेलाय की मला वाटलं, या शहरात दुसरं काही घडतच नाही. तू कधी तोंड उघडतेस याचीच वाट बघत होते.

तुझी कोण, म्हणे! समोर असतीस तर मार खाल्ला असतास. गाडी सुटताना मी पाठ फिरवली, कारण माझा चेहरा बघून तू खाली उतरली असतीस. तुला तिकडेच राहावंसं वाटू दे, एवढंच तेव्हा मागत होते. ते मिळालं. आणि भावाची बायको म्हणून जपलं हे कोणी सांगितलं तुला? दादाच्या शेवटच्या दिवसांत तू त्याच्याबरोबर मलाही भरवत होतीस, मी जेवायचं विसरायचे म्हणून. ते तुझ्या लक्षात नाही, माझ्या आहे.

कोट आहे कपाटात. दर रविवारी बाहेर काढते, झटकते, परत आत ठेवते. या वेळी घेऊन येतेय. माझ्या मापाचा करून दे. दादा काडीपैलवान आणि मी ही अशी, तेव्हा सैल करावा लागेल. पण तो तुझ्याच हातचा आहे, शिवणीत कापड ठेवलं असशीलच. गळ्यात दादाच्या नावाची पट्टी लाव, खाली माझी. नियम म्हणजे नियम.

बाकी बेत मान्य. छत्री, लाँड्री, अस्वल, पूल, सगळं. फक्त रविवारी ते पायजमे बघून झाले की मनोरा. रांग असू दे, आणि गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. टेबलाखालचं माहितीपत्रक काढ. स्टूल नीट करणाऱ्याला टेबल जड नाही.

दादाने तिघांचा बेत केला होता, तेव्हा तिघांनीच जायचं. पूलवाल्यांना सांग, रविवारी रजा घ्या. वर पोचल्यावर त्यांनी मला त्यांचा पूल दाखवायचा, आणि मी त्यांना दादाच्या शिट्ट्या ऐकवीन, त्याच्यासारख्याच बेसूर.

आणि तो कंस खोडून टाक.

तुझी वन्सं