दोरीवरचा सदरा

बापू, मंग आईला ते सदऱ्याचं कशाला शिकवून गेल्ते तुम्ही? तुमचं म्हणणं मला पाठ आहे, बाईमाणसानं एकटीनं रान राखायचं तर अक्कल लागते. पण अक्कल शिकवण्यापेक्षा घरीच राह्यले असते तर. बाराही महिन्यांचे फौजी नव्हतेच तुम्ही, टेरिटोरियल आर्मीचे होते. बोलावलं की वर्दी, सोडलं की औत. राजूरच्या बाजारात लोक अर्धा फौजी म्हणायचे अन् तुम्ही हसायचे. बोलावणं मात्र पुरं यायचं. पेरणी असो का काढणी, गावाला कळू नये म्हणून उजाडायच्या आत ट्रंक उचलून निघायचे. कुणी विचारलं की आई सांगायची, अंबडला कोर्टाच्या तारखेला गेले. अन् रोज सकाळी तुमचा धुतलेलाच सदरा पुन्हा भिजवून रस्त्याकडच्या दोरीवर टाकायची. घरात गडी आहे असं बांधाशेजारच्या काकांना वाटावं, त्यांनी बांध कोरू नये. पिळायला मी.

तुमचा ट्रक तिकडं दरीत गेल्याचं कळलं, अन् मंग ज्या दिवशी तुम्हाला आणलं, तो दिवस अजून तसाच उभा आहे. अंगणासमोर मिलिट्रीची गाडी, बायका रडून राह्यल्या, अन् दोरीवर तुमचा सदरा गळून राह्यला. आई कुणाला हात लावू देईना त्याला. तेराव्यानंतर काकांनीच तो काढला, घडी केली, तिच्या हातात दिला. म्हणाले, "वहिनी, आता नका भिजवू." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, मी पाह्यलं. अन् त्याच पेरणीला त्यांची तिफण बांध फोडून दोन तासं आपल्या रानात आली.

आता धाकटा तुमच्याच पलटणीत आहे. एरवी नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामावर पोती उचलतो. मी अडवलं न्हाई, अडवायला होतो कुठं? शाळा सुटली तसा फिरूनच राह्यलो, सध्या गुजरातेत बंदरावर कंटेनर भरतो. एका जागी जीव रमत न्हाई माझा. त्याला महिन्याखाली बोलावणं आलं, कधी सोडतील ते त्यालाच माहीत न्हाई. घरी त्याची बायको, मांडीवरचं पोर, अन् आई. आईला आता ऐकू येत न्हाई, पण रोज सकाळी सुनेला विचारते, त्याचा सदरा टाकला का?

काल त्याच्या बायकोचा फोन आल्ता. रडली न्हाई. पेरणी तोंडावर आली, अन् काका बांधावर उभं राहून तिला म्हणाले, "सूनबाई, सदरा तर रोज धुती. मळवतं कोण?" पोर कुरकुरत होतं तेवढं ऐकू आलं. मंग म्हणाली, "भावजी, पैसे नका पाठवू. तुम्ही या. मळवायला माणूस पाहिजे घरात."

मी म्हणालो, येतो, शनिवारी निघतो. ती बरं म्हणाली, पण बिलकुल पटलं नव्हतं तिला. बापू, ती दोरी दिसली की माझे हात ओले होतात. अन् मी जाऊन उभा राह्यलो तरी काका थांबतील, असं मला वाटत न्हाई. आज तिकिटाच्या रांगेत लागलो होतो, नंबर जवळ आला अन् बाहेर निघालो. हा कागद काही तुम्हाला पोचत न्हाई, घडी करून उशाखाली ठेवतो. शनिवारी मी निघणार न्हाई. चार हजार पाठवून राह्यलो.