जावयाच्या फ्रिजमधली बाटली

अहो,

नमस्कार. आधी खुर्चीत बसा आणि मगच पुढे वाचा. इथे सगळे धडधाकट आहेत, फक्त मी हादरले आहे.

जावई पितो असं कुणीतरी तुमच्या कानात सांगितलं आणि लग्नापासून तुम्ही त्यांच्याशी अबोला धरलात. मला इथे पाठवतानाही "डोळे उघडे ठेव" म्हणालात. ठेवले. फ्रिजमध्ये बिअरची बाटली दिसली आणि मी दार धाडकन लावून टाकलं.

काल जावयांनी ती माझ्यादेखत उघडली आणि चक्क मैद्यात ओतली. पीठ फसफसलं. कांद्याच्या जाड चकत्यांची कडी सुटी करून त्यांनी त्यात बुडवली आणि तळली. "आई, बिअर गार असली की कुरकुरीत होतात," म्हणाले. मी नाक मुरडत एक कडं खाल्लं. मग ताट रिकामं झालं. कोणी केलं ते विचारू नका.

बाटली निम्मी उरली होती. मी मुद्दाम म्हटलं, "घ्या की तुम्ही." तर म्हणाले, "नको हो आई, मला वासानेच मळमळतं."

ती आपल्या लेकीने उभ्याउभ्या संपवली. वर मलाच म्हणते, "अशी काय बघतेस? बाबांनीच शिकवलंय, पानात काही टाकायचं नाही."

रक्तदाबाची गोळी वेळेवर घेताय ना?

जावयांना आजच फोन करा, माणूस भला आहे. फोन लेकीने उचलला तर काय बोलायचं, ते मात्र मलाही सुचलेलं नाही.

तुमची,
अजून न सावरलेली बायको