सिद्धीची कानडी

रविवार, ४ ऑगस्ट १९९६

पुन्हा खालीच! सकाळी दूध आणायला म्हणून गेली ती साडेदहाला वर आली. डोक्याला चपचपीत तेल, दोन घट्ट वेण्या, त्यांत अबोली. मी कालच ठरवलं होतं — उद्या सुट्टी, सिद्धीला न्हाऊ घालायचं, वेण्या घालायच्या. "अज्जीनं घातल्या," म्हणाली. "कशी दिसते?" छान, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अज्जी म्हणजे आमची घरमालकीण, धनलक्ष्मम्मा. खालच्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा बहरीनला. वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी. हे गेल्यावर कंपनीने मला त्यांच्या जागी घेतलं, आणि त्यानंतर वर्षभराने आम्ही या घरात आलो. सकाळी सातला बस, इलेक्ट्रॉनिक सिटीहून परत यायला सहा-साडेसहा. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत सिद्धी तिच्याकडे. सोय आहे, कळतं मला. कळतं म्हणून बरं वाटतं असं नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

माझी आमटी गोड लागते म्हणे! जन्मल्यापासून हीच आमटी खाल्ली. आता नाचणीच्या उकडीचा गोळा, तो मुद्दे हवा आणि अज्जीचं तिखट सारू.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सिद्धीला ताप. रजा टाकली. दिवसभर कपाळावर पट्ट्या. दुपारी ग्लानीत हाक मारली तिने — "अज्जी!" मी शेजारी होते. तिचा हात माझ्या हातात होता.

शनिवार, १० ऑगस्ट

ताप उतरला. खालून पेज आली. मी ती मोरीत ओतली आणि स्वतः दुसरी केली. वेडेपणा, माहीत आहे.

एक ठरवलंय — भाडं कमी करून मागायचं. जुलैपासून ओव्हरटाइम बंद आहे. चौदाशे भाडं, आणि वरच्या टाकीत पाणी चढतं दोन दिवसांतून एकदा. आनेकलला आठशेत अशा दोन खोल्या मिळतात, आपली बसही तिकडून येते — सत्यवतीने सांगितलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करते.

खरं लिहू? धनलक्ष्मम्माने नाही म्हणावं. साफ नाही म्हणावं. म्हणजे मला घर सोडता येईल. मग कोण विचारणार, का सोडलं?

रविवार, ११ ऑगस्ट

गेले खाली. तिला कानडीशिवाय काही येत नाही, मला स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे ठीक, याच्यापुढे काही येत नाही. मध्ये सिद्धी.

म्हटलं, "सांग हिला, अकराशे कर म्हणावं. पाण्याचा ठणठणाट आहे. वर जाताना एवढे पैसे काय उरावर बांधून नेणार आहे?"

सिद्धीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि लागली बोलायला. केवढं तरी! हात हलवून, मान वाकडी करून. म्हातारी ऐकत होती, नजर मात्र माझ्यावर. शेवटी दोन शब्द बोलली.

"काय म्हणते?"

"बघते म्हणाली. आणि ताक घेणार का विचारते."

नाही घेतलं.

जिना चढताना डोक्यात एकच — माझ्याशी ही पोरगी कधी एवढं बोलते? शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही". संपलं!

बुधवार, १४ ऑगस्ट

खालून दोघींच्या हसण्याचा आवाज. मी आत पाऊल टाकलं की बंद. कानडीत काय एवढं हसण्यासारखं असतं?

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून गेले. धनलक्ष्मम्मा सिद्धीच्या शाळेच्या फ्रॉकला बटण लावत होती. माझ्या मुलीचा फ्रॉक! मला सांगितलंही नव्हतं बटण तुटल्याचं.

मग मीही थांबले नाही. "सांग, आनेकलला घर बघितलंय. पंधरा दिवसांत खोल्या रिकाम्या करतो. मग बस म्हणावं भिंतींशी बोलत. माझी मुलगी म्हणजे हिची करमणूक नाही."

सिद्धीचे कान लाल झाले. "सांग," मी ओरडले.

खाली मान घालून बोलली ती. हळू. या वेळी थोडंच.

धनलक्ष्मम्माच्या डोळ्यांत पाणी आलं! सुई तशीच हातात. पदराने डोळे पुसले, दोरा दाताने तोडला, फ्रॉकची घडी घातली. मग सिद्धीला काहीतरी म्हणाली.

"अकराशे, आई. याच महिन्यापासून."

"सरी," म्हटलं आणि वर आले.

महिन्याला तीनशे वाचले. आनंद व्हायला हवा. पण राग येतोय नुसता. आता घर सोडायला तोंड कुठे राहिलं? एवढं ऐकून कोणती बाई भाडं उतरवते? मोठेपणासुद्धा तिनेच घ्यायचा!

रविवार, १८ ऑगस्ट

सत्यवती आली होती. ती निपाणीची, मराठी-कानडी दोन्ही सारखीच. धनलक्ष्मम्माने तिला जिन्यातच गाठलं. अर्धा तास दोघींचं चाललं होतं. वर आली ती हसत.

"श्यामला, तू इतकं गोड बोलतेस? कंपनीत कुणाला पत्ता नाही हं!"

"मी?"

"अगं, केवढं कौतुक करत होती तुझं. तू म्हणे तिला म्हणालीस, आई गेल्यापासून मला माहेर नाही, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त कामावर जाते. आणि परवा म्हणालीस, आनेकलला स्वस्त घर मिळतंय, पण तुम्हाला सोडून जायला पाय निघत नाही. बाई रडायलाच आली सांगताना."

मी पोह्यांचा चमचा तसाच कढईत ठेवला. सत्यवती काय काय बोलत राहिली, मला ऐकू आलं नाही.

ती गेल्यावर सिद्धीला धरलं. हात उगारलेला होता माझा.

"हे सगळं मी बोलले?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. "तू जे बोललीस ते मला कानडीत येत नव्हतं."

"येत नव्हतं? दिवसभर तर चुरुचुरु बोलत असतेस!"

"अज्जीनं तसले शब्द शिकवलेच नाहीत."

हात खाली आला. मग विचारलं, पाय निघत नाही हे कुठून आणलंस?

"तूच म्हणतेस ना रोज. सकाळी, दारात. मला."

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

सोमवार, १९ ऑगस्ट

हात चालेना आज. दोन बोर्डं परत आली. सुपरवायझर बोलला. बोलू दे.

बुधवार, २१ ऑगस्ट

सिद्धी दोन दिवस खाली गेलेली नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दप्तर घेऊन जिन्यात बसते माझी वाट बघत. हेच तर हवं होतं मला! आणि आता बघवत नाही. सांगितलं तिला, जा खाली. माझ्याकडे टक लावून बघितलं, मग धावली.

धनलक्ष्मम्माला खरं काय ते सांगायला हवं. मी तसं काही बोललेच नव्हते, ते सगळं माझ्या मुलीचं. भाडं हवं तर पुन्हा चौदाशे करा. सत्यवतीकडून चार कानडी वाक्यं मराठी अक्षरांत लिहून घेतलीत.

शनिवार, २४ ऑगस्ट

कंपनी बंद, सिद्धी शाळेत. मी कागद घेऊन निघणार तोच धनलक्ष्मम्मा स्वतः जिना चढून आल्या. वर्षभरात पहिल्यांदा. धापा टाकत खुर्चीवर बसल्या. मी कागद वाचायला लागले तर हात वर करून थांबवलं.

"राहू दे. मला मराठी येतं. सोलापुरात चौदा वर्षं काढली आम्ही, रेल्वेच्या क्वार्टरात."

वर जाताना उरावर बांधून. भिंतींशी बोलत. सगळं! शब्द न् शब्द!

"मग इतके दिवस... एकदाही..."

"घर बघायला आलीस त्या दिवशी पोरीला म्हणालीस, म्हातारी चिक्कू दिसते. मग काय बोलू तुझ्याशी?"

"तरी भाडं कमी केलंत?"

"पोर किती झटत होती गं मध्ये उभी राहून."

चहा घेतला. उतरताना मी हात धरला त्यांचा. शेवटच्या पायरीवर थांबल्या.

"सिद्धीला सांगू नकोस. आपल्याला बोलायचं असेल तेव्हा तिलाच मध्ये घेऊ."